घरच्या सोयाबीनचे बियाणे राखताना

लातूर जिल्ह्यातील औसा तालुक्यात आमची कोरडवाहू जमीन आहे. खरिपात तिच्यावर सोयाबीन आणि तूर यांशिवाय फारसे काही पेरले जात नाही. पूर्वी दर वर्षी मे महिना संपत आला की बियाण्याच्या पिशव्या आणायच्या, मृगाचा पाऊस झाला की पेरायचे आणि उगवले तर उगवले, अशीच आमच्याकडची रीत होती. २०२० च्या खरिपात ही रीत एका झटक्यात उघडी पडली. आदल्या वर्षी, म्हणजे २०१९ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये काढणीच्या ऐन दिवसांत पाऊस झाला होता, शेतात कापून ठेवलेले सोयाबीन भिजले होते आणि त्याच हंगामातून पुढच्या वर्षीचे बियाणे तयार झाले होते. परिणामी जूनमध्ये मराठवाड्यासह राज्यभरातून सोयाबीन न उगवल्याच्या तक्रारींचा ढीग लागला, मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली आणि आमच्या शिवारात अनेकांवर दुबार पेरणीची पाळी आली. त्यानंतर आम्ही घरचे बियाणे राखायला सुरुवात केली. त्या कामात मी जे करत गेले आणि जे पाहिले, ते येथे क्रमाने मांडत आहे.

आमच्या सासूबाईंनी आयुष्यभर घरचे बियाणे जपले आहे. ज्वारीची निवडक कणसे आढ्याला टांगलेली, तुरीला राख चोळून रांजणात भरलेली, त्यावर कडुनिंबाचा पाला, असे सगळे त्यांच्या हाताखाली मी शिकले होते. मात्र सोयाबीनला हे शहाणपण जसेच्या तसे लागू पडत नाही. हे पीक आमच्याकडे पसरले तेच मुळात तीसेक वर्षांत आणि त्याच्या दाण्याचा स्वभाव ज्वारी-तुरीपेक्षा वेगळा आहे. सोयाबीनच्या दाण्यात सुमारे 40 टक्के प्रथिने आणि 18 ते 20 टक्के तेल असते, तो हवेतील ओल पटकन ओढून घेतो आणि त्याची उगवणशक्ती इतर धान्यांपेक्षा लवकर उतरते. शिवाय त्याचे साल अतिशय पातळ असते आणि कोंब ज्यातून निघतो तो अंकुर सालीला लागूनच असतो, त्यामुळे दाण्याला बाहेरून बसलेला मार थेट अंकुरापर्यंत जातो. दाणा वरून पिवळाधमक आणि गोल गरगरीत दिसत असला तरी आत मेलेला असू शकतो. बाजारात त्याला पहिल्या प्रतीचा भाव मिळेल, पण जमिनीत तो कुजेल. बियाणे जून महिन्यात बिघडत नाही, ते आदल्या ऑक्टोबरात बिघडलेले असते, असे माझे मत याच अनुभवातून झाले आहे.

एक गोष्ट सोयाबीनच्या बाजूने आहे. हे स्वपरागसिंचित, म्हणजे आपल्याच फुलातील परागाने फळणारे पीक असल्यामुळे संकरित बियाण्याप्रमाणे दर वर्षी नवे घेण्याची गरज नसते. निळी खूणचिठ्ठी असलेले प्रमाणित बियाणे एकदा आणले, की त्याच्या उत्पादनातून पुढची दोन वर्षे निर्धास्त पेरता येते. त्यानंतर मात्र शिवारातली आणि मळणी यंत्रातली भेसळ वाढत जाते, म्हणून आम्ही तिसऱ्या वर्षानंतर थोडे नवे बियाणे आणून त्याचाच वेगळा तुकडा करतो. कायद्याचीही अडचण नाही. 2001 च्या वनस्पती वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याने शेतकऱ्याला स्वतःच्या शेतातील बियाणे राखण्याचा, पुन्हा पेरण्याचा, अदलाबदल करण्याचा आणि विकण्याचाही हक्क दिला आहे. संरक्षित वाणाचे बियाणे नाममुद्रा असलेल्या पिशवीत घालून विकता येत नाही, एवढीच अट आहे.

बियाण्याचा तुकडा आम्ही पेरणीच्या वेळीच ठरवतो. पाणी न साचणारे, चांगला निचरा होणारे शेत त्यासाठी निवडतो आणि दुसऱ्या वाणापासून किमान 3 मीटर अंतर सोडतो. आम्ही जे.एस. 335 आणि फुले संगम, म्हणजे के.डी.एस. 726, हे दोन वाण लावतो. पहिला जबलपूरच्या कृषी विद्यापीठाचा आणि आमच्या भागात सर्वांत जुना, दुसरा राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचा. भेसळ काढण्याची खरी संधी फुलोऱ्यात मिळते. जे.एस. 335 ची फुले जांभळी असतात, त्यामुळे त्या तुकड्यात पांढऱ्या फुलांचे झाड दिसले की ते परके समजून मुळासकट उपटायचे. शेंगा भरल्यावर पुन्हा एक फेरी मारायची, कारण या वाणाच्या शेंगांवर लव नसते आणि लवदार शेंगांचे झाड तेव्हा लांबूनही ओळखू येते. या फेऱ्यांतच पिवळ्या मोझॅकची, मुळकूज झालेली आणि करपलेली झाडे आम्ही बाहेर काढतो. खत आणि फवारणी उरलेल्या शेताला जी होते तीच या तुकड्याला होते, त्यात वेगळे सांगण्यासारखे काही नाही.

काढणीच्या बाबतीत आमचा नियम असा, की पाने गळून 90 ते 95 टक्के शेंगांचा रंग बदलला की बियाण्याचा तुकडा सर्वांत आधी कापायचा. मजूर मिळत नाहीत म्हणून काढणी लांबवली, की उन्हात शेंगा तडकतात आणि सकाळच्या दवाने, दुपारच्या उन्हाने दाण्याचे साल फुगत-आकसत जाऊन सैल पडते. कापलेले सोयाबीन लगेच बनीम (काडाचा रचलेला ढीग) लावून झाकून ठेवण्याची आमच्याकडे सवय आहे, कारण ढग दिसला की प्रत्येकाला आधी ताडपत्री आठवते. बियाण्याच्या सोयाबीनसाठी ही सवय घातक आहे. ओल्या काडाच्या बनमीत काही तासांतच उष्णता धरते. हात कोपरापर्यंत आत घालून पाहिला तर आतले काड कोमट लागते आणि दमट, आंबूस वास येतो. तेवढ्या उबेने दाण्याचा रंग बदलत नाही, पण अंकुर मरायला ती पुरेशी असते. म्हणून आम्ही बियाण्याचे काड कापल्यावर दोन-तीन उन्हे पसरून सुकवतो आणि पाऊस येणारच असेल तेवढ्या वेळेपुरतेच गोळा करून झाकतो. उघडीप मिळताच ते पुन्हा पसरतो. पावसात भिजलेला किंवा शेंगेतच डागी झालेला माल बियाण्यासाठी ठेवायचा नाही, याबाबत घरात कोणाचीही भीड धरायची नाही असे आम्ही ठरवून टाकले आहे.

सर्वांत जास्त वाद आणि सर्वांत जास्त नुकसान मळणीत होते. मळणी यंत्रवाला कट्ट्याच्या, म्हणजे पोत्याच्या हिशेबाने पैसे घेतो, त्यामुळे जितक्या वेगाने कट्टे भरतील तितकी त्याची दिवसाची कमाई वाढते. सोयाबीन उत्तम वाळलेले असले, म्हणजे दाण्यात 13 ते 14 टक्के ओल असली, तर ड्रमचे फेरे मिनिटाला 350 ते 400 यापेक्षा अधिक नसावेत, अशी शिफारस आहे. प्रत्यक्षात यंत्र त्याच्या कितीतरी पुढे पळत असते. आमच्याकडे आलेल्या यंत्रवाल्याला मी वेग कमी करायला सांगितले तेव्हा तो म्हणाला, "काकू, इतक्या हळू चालवलं तर रात्र इथंच काढावी लागंल, अन् भुसकटबी नीट उडणार न्हाई." त्याच्या बोलण्यातला दुसरा भाग खरा होता. ट्रॅक्टरची गती नुसती कमी केली, की ड्रमबरोबर पंखाही मंदावतो आणि दाण्यात गुळी व काडीकचरा येऊ लागतो. त्यावर उपाय म्हणजे ड्रमची पुली मोठी बसवून ड्रमचे फेरे कमी करायचे आणि पंखा आहे त्याच गतीने फिरू द्यायचा. हे काम ज्याला यंत्राची जाण आहे तो अर्ध्या तासात करतो. पैशाचा प्रश्न आम्ही असा सोडवला, की बियाण्याच्या तुकड्यापुरती मळणी कट्ट्यावर न ठरवता तासावर ठरवली. तासाचे पैसे मिळणार असल्यावर त्याचीही घाई गेली आणि माझाही त्रागा गेला.

फेरे मोजायचे साधन प्रत्येकाकडे असतेच असे नाही, परंतु यंत्राच्या तोंडाशी उभे राहून करता येण्यासारखी एक साधी तपासणी आहे आणि ती मी दर वेळी करते. यंत्रातून पडणाऱ्या धारेतून मूठभर दाणे घ्यायचे, त्यातील डाळ झालेले आणि तडकलेले दाणे बाजूला काढायचे आणि उरलेल्यांपैकी वरून अगदी धडधाकट दिसणारे 100 दाणे मोजून वाटीभर पाण्यात टाकायचे. पाच ते दहा मिनिटांत ज्यांच्या सालीला बारीक चीर गेलेली आहे ते दाणे पाणी शोषून फुगतात, त्यांचे साल सुरकुतते आणि ते इतरांपेक्षा चटकन मोठे दिसू लागतात. धड सालीचे दाणे तेवढ्या वेळात आहेत तसेच राहतात. फुगलेल्यांची संख्या दहाच्या वर गेली, तर यंत्र थांबवून गती आणखी उतरवायची. पहिल्या वर्षी यंत्रवाला हे सगळे कौतुकाने आणि थोड्या चेष्टेने पाहत होता. वाटीतल्या फुगलेल्या दाण्यांवर बोट ठेवून दाखवल्यावर त्याने आपणहून काड टाकण्याचा वेग कमी केला. आता तो इतर ठिकाणीही बियाण्याचा माल आहे का, असे आधी विचारतो.

त्याच वेळी आणखी एक काळजी घ्यावी लागते. यंत्र आदल्या शेतातून दुसऱ्याच वाणाचे सोयाबीन मळून आलेले असते आणि त्याच्या चाळणीत, कोपऱ्यांत, पट्ट्याखाली किलो-दोन किलो दाणे अडकलेले असतात. म्हणून यंत्र झाडून रिकामे फिरवून घ्यायचे आणि तरीही पहिला अर्धा कट्टा बियाण्यात न घेता विक्रीच्या मालात टाकायचा. फुलोऱ्यात भर उन्हात भेसळ उपटायची आणि मळणीत ती पुन्हा घरात आणायची, यात काही अर्थ नाही.

मळलेले बियाणे आम्ही ताडपत्रीवर पातळ थर करून सकाळच्या आणि उतरत्या उन्हात सुकवतो. भर दुपारच्या तापलेल्या सिमेंटच्या खळ्यावर कधीच टाकत नाही. ओल 10 ते 12 टक्क्यांपर्यंत उतरली पाहिजे. ओल मोजण्याचे यंत्र आडतीवर असते, मूठभर नमुना घेऊन गेल्यास तेथे कोणी नाही म्हणत नाही. घरी अंदाज घ्यायचा तर दाणा दाताखाली धरावा. तो कटकन फुटला तर वाळला आहे आणि दाताचा वळ उमटून दबला तर अजून ओला आहे. त्यानंतर चाळणी मारून बारीक, चपटे, सुरकुतलेले आणि जांभळे डाग पडलेले दाणे काढून टाकायचे. स्पायरल सेपरेटर हे विजेशिवाय चालणारे साधन या कामाला फार उपयोगी आहे. मळसूत्रासारख्या पत्र्यावरून गोल दाणा वेगाने घरंगळत बाहेरच्या बाजूने पडतो आणि चपटा किंवा फुटका दाणा आतल्या बाजूने सरकत खाली येतो. आमच्या गावातील शेतकरी गटाने एक घेतले आहे आणि ते हंगामात घरोघरी फिरते.

साठवणुकीसाठी आम्ही ज्यूटचे स्वच्छ बारदान वापरतो. खताची रिकामी पोती कितीही धुतली तरी त्यांच्यात क्षाराचा अंश राहतो आणि तो ओल खेचतो, त्यामुळे ती वापरत नाही. पोती जमिनीपासून वीतभर उंच लाकडी फळ्यांवर आणि भिंतीपासून दूर ठेवायची, चार-पाचपेक्षा जास्त थप्पी लावायची नाही, कारण खालच्या पोत्यातील दाण्यावर वरचे ओझे येऊन साल तडकते. हमाल पोते पाठीवरून धाडकन टाकतात, तेही बियाण्याच्या बाबतीत चालत नाही. एका उंचावरून आपटण्याने काही टक्के उगवण जाऊ शकते. त्यातही फुले संगमसारख्या टपोऱ्या दाण्याच्या वाणाला हा मार अधिक लागतो, म्हणून त्याची पोती आम्ही अर्धी भरून दोघांनी धरूनच हलवतो. खते आणि तणनाशके त्या खोलीत ठेवत नाही.

खोलीचा प्रश्न मात्र सोपा नाही. आमच्या भागातील माळवदाची घरे 1993 च्या भूकंपानंतर बरीचशी गेली आणि त्यांच्या जागी पत्र्याची व स्लॅबची घरे आली. भूकंपाच्या दृष्टीने ते योग्यच झाले, पण एप्रिल-मेच्या उन्हात पत्र्याखालची खोली इतकी तापते की तिच्यात ठेवलेले सोयाबीन जूनपर्यंत निम्मे मेलेले असते. आमच्याकडे जुन्या घराचा एकच खण मातीच्या जाड भिंतींचा शिल्लक आहे आणि बियाण्याची पोती तेथेच राहतात. ज्यांच्याकडे पत्राच आहे त्यांनी निदान वर कडब्याच्या पेंढ्या टाकाव्यात आणि खोलीला समोरासमोर झरोके ठेवावेत. रात्री ते उघडून दिवसा बंद केले तरी बराच फरक पडतो.

उगवण तपासणे हे या सगळ्यातील सर्वांत स्वस्त काम आहे आणि तरी तेच सर्वाधिक टाळले जाते. आम्ही साठवणूक झाल्यावर एकदा, उन्हाळा सुरू होताना एकदा आणि मेच्या अखेरीस एकदा तपासणी करतो. प्रत्येक पोत्याच्या वरून, मधून आणि तळातून दाणे घ्यायचे, ते एकत्र मिसळायचे आणि न निवडता 100 दाणे मोजायचे. निवडून चांगलेच दाणे घेतले तर आपण आपलीच फसवणूक करतो. जुन्या वर्तमानपत्राच्या चार घड्या करून कागद पाण्यात पूर्ण भिजवायचा, निथळू द्यायचा, त्याच्या एका कडेला थोड्या-थोड्या अंतरावर 10 दाणे ठेवायचे आणि सैलसर सुरळी करून दोन्ही टोकांना दोरा बांधायचा. अशा 10 सुरळ्या प्लास्टिकच्या पिशवीत घालून घरातील सावलीच्या जागी ठेवायच्या. चौथ्या दिवसापासून अंकुर दिसू लागतात आणि आठव्या दिवसापर्यंत निकाल स्पष्ट होतो. ओले गोणपाट अंथरून त्यावर दहा-दहाच्या ओळीत दाणे ठेवले आणि ते गुंडाळून रोज पाणी शिंपडले, तरी चालते. सासूबाईंना तीच पद्धत पटते, कारण कागदाची सुरळी उघडताना मुळे फाटतात असे त्यांचे म्हणणे आहे आणि ते खोटे नाही.

मोजताना घाई करू नये. कोंब फुटला म्हणजे दाणा उगवला असे धरायचे नाही. ज्याचे मूळ सरळ, अखंड आणि टोकदार आहे, ज्याला बारीक उपमुळे फुटत आहेत आणि ज्याची दोन्ही दले शाबूत आहेत, तोच दाणा मोजायचा. मळणीचा मार बसलेल्या दाण्यात मूळ बोटभर वाढून मध्येच तुटलेले, टोक तपकिरी पडलेले किंवा एक दल गळून पडलेले दिसते. असे रोप कागदात जिवंत दिसते, परंतु काळ्या जमिनीची पापडी फोडून ते वर येत नाही. बुळबुळीत झालेले आणि बुरशीचा कापूस चढलेले दाणे तर उघडच मेलेले असतात. आमची मुलगी पहिल्यांदा मोजायला बसली तेव्हा तिने 84 सांगितले आणि मी तेच दाणे पुन्हा पाहिले तेव्हा 73 भरले. मधले अकरा दाणे हे असेच अर्धवट होते.

प्रमाणित बियाण्यासाठी किमान 70 टक्के उगवणशक्तीचा निकष आहे आणि एकरी 30 किलो ही शिफारस त्याच हिशेबाने केलेली आहे. उगवण 70 च्या खाली जितके टक्के असेल तितक्या प्रत्येक टक्क्यामागे एकरी अर्धा किलो बियाणे वाढवायचे, म्हणजे 64 टक्क्यांना 33 किलो आणि 60 टक्क्यांना 35 किलो. साठच्या खाली गेलेले बियाणे पेरायचेच नाही, ते सरळ बाजारात न्यायचे.

मात्र हा किलोचा हिशेब दाण्याच्या आकारावर अवलंबून असतो, ही गोष्ट पुष्कळदा सांगायची राहून जाते. दोन ओळींत 45 सेंटिमीटर आणि दोन रोपांत 5 सेंटिमीटर अंतर धरले, तर एकरात सुमारे पावणेदोन लाख रोपे बसतात. 70 टक्के उगवणीला त्यासाठी अडीच लाख दाणे लागतात. 100 दाण्यांचे वजन 12 ग्रॅम असेल तर अडीच लाख दाणे बरोबर 30 किलो होतात. 10 ग्रॅम असेल तर 25 किलोच पुरतात आणि दाणा टपोरा, 14 ग्रॅमचा असेल तर 35 किलो लागतात. म्हणून उगवण तपासतानाच 100 दाणे सोनाराच्या किंवा किराणा दुकानातील काट्यावर तोलून घ्यावेत. बारीक दाण्याच्या वाणाला आंधळेपणाने 30 किलो टाकल्यास पीक दाटते, उंच वाढते आणि लोळते. बियाण्याबरोबर शेंगाही जातात.

पैशाच्या अंगानेही हे पाहायला हरकत नाही. 2025-26 साठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला 5,328 रुपये होता. त्या भावाने 30 किलोचे सुमारे 1,600 रुपये होतात आणि बियाण्याच्या पिशवीचा दर नेहमी याच्या वरच असतो. पण मला पैशापेक्षा मोलाचे वाटते ते हे, की घरच्या बियाण्याची उगवण मला पेरणीच्या आधी माहीत असते.

बीजप्रक्रियेचा क्रम आमच्याकडील कृषी सहायकांनी आम्हाला प्रात्यक्षिक करून शिकवला: आधी बुरशीनाशक, मग कीटकनाशक, शेवटी जिवाणू. कार्बोक्सिन आणि थायरम यांचे मिश्र बुरशीनाशक किलोला 3 ग्रॅम, नंतर खोडमाशी आणि पांढरी माशी यांच्यासाठी थायोमिथॉक्झाम 30 एफ.एस. किलोला 10 मिलि, आणि ते सुकल्यावर पेरणीच्या तीन-चार तास आधी रायझोबियम व स्फुरद विरघळवणारे जिवाणू प्रत्येकी 10 किलो बियाण्याला 250 ग्रॅम. क्रम उलटा केला किंवा सगळे एकाच वेळी कालवले, तर बुरशीनाशकाने जिवाणू मरतात आणि त्यांच्यावर केलेला खर्च वाया जातो. रायझोबियमसुद्धा सोयाबीनचेच घ्यावे लागते, हरभऱ्याचे उरलेले पाकीट येथे उपयोगी नाही. बियाणे ताडपत्रीवर पसरून हातमोजे घालून हलक्या हाताने वर-खाली करायचे, चोळायचे नाही आणि पाणी जेवढ्यास तेवढे वापरायचे, कारण जास्त ओले झाले की साल सुटते. पेरणी होईपर्यंत ते सावलीतच ठेवायचे.

पेरणीला 75 ते 100 मिलिमीटर पाऊस होऊन जमिनीत चांगली ओल खोलवर गेल्याशिवाय हात घालायचा नाही, मग शेजारी कोणी काहीही करो. वापसा आल्यावर, म्हणजे जमीन पेरण्याजोगी झाल्यावर, रुंद वरंबा सरी पद्धतीने, बीबीएफ यंत्राने पेरले, तर सरीतून जास्तीचे पाणी निघून जाते आणि खंड पडला तर वरंब्यात ओल टिकते. खोली 3 ते 4 सेंटिमीटरच असावी. सोयाबीनला आपली दोन जाड दले मातीतून वर ढकलत आणावी लागतात, त्यामुळे 5 सेंटिमीटरच्या खाली पडलेला दाणा चांगला असूनही अडकतो. ट्रॅक्टरचे पेरणी यंत्र खोल जात असल्यास पहिल्याच तासात माती उकरून दाणा कोठे पडला आहे ते पाहावे आणि फण वर घ्यावा.

उगवल्यानंतर आम्ही ओळीत मीटरपट्टी ठेवून रोपे मोजतो. मीटरमध्ये वीसच्या आसपास रोपे असली की ठीक, ठिकठिकाणी बारा-तेराच भरली तर राखून ठेवलेल्या बियाण्याने आठवड्याच्या आत टोकण करून (हाताने दाणे लावून) खाडे, म्हणजे रिकाम्या जागा भरतो. खोलगट भागात पाणी साचून रोपे गेली असली, तर तो बियाण्याचा दोष नसतो आणि ते ओळखता यावे म्हणून तपासणीच्या कागदातील आकडा वहीत लिहून ठेवलेला असावा.

ऑक्टोबरात पावसाने सगळाच माल भिजला, तर त्या वर्षी घरचे बियाणे राखता येत नाही. ज्यांच्याकडे विहीर किंवा बोअरला पाणी आहे त्यांना अशा वेळी उन्हाळी सोयाबीनचा पर्याय असतो. डिसेंबरच्या अखेरीस ते जानेवारीच्या मध्यापर्यंत अर्धा-पाऊण एकर पेरायचे. थंडीमुळे उगवण सावकाश होते आणि उत्पादन खरिपापेक्षा कमी येते, पण काढणी कोरड्या हवेत होते आणि बियाणे पेरणीच्या तोंडावर ताजे हाती पडते. पेरणी जानेवारीच्या पुढे लांबली तर शेंगा भरताना कडक ऊन सापडते आणि दाणा बारीक राहतो. या पिकाला पाण्याच्या पाळ्या नियमित द्याव्या लागतात आणि उन्हात ते अतिशय कोरडे होत असल्याने मळणीत दाणा जास्त फुटतो, म्हणून त्याची मळणी आम्ही सकाळी, हवेत थोडा दमटपणा असताना करतो आणि तुकडा लहान असल्यास यंत्राच्या नादी न लागता काठीने बडवून घेतो.